काहिलीतला उस्ताद

"या सृष्टीत जे जे उभं आहे ते भिंतींवर उभं आहे, आणि जिला वाकता येतं तीच भिंत टिकते," असं भुजंगनं रस आटवायच्या काहिलीच्या कडेला उभं राहून, हातातला झारा आभाळाकडं रोखून जाहीर केलं. खाली चुलाणात उसाचं चिपाड सारणाऱ्या कावेरीबाईनं ते शांतपणे ऐकून घेतलं.

"खरं हाय दादा," ती म्हणाली. "पर शर्ट उलटा घातलाय तुमी."

वाक्य भुजंगचं नव्हतंच. ते त्याच्या लेकीचं, सुकन्याचं. ती लातूरला शेतकीच्या कॉलेजात शिकते आणि सुट्टीत घरी आली की बापाला असली वाक्यं ऐकवते. शर्ट मात्र त्याचा स्वतःचा होता. पण दोन दिवसांत त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, त्यामुळं उलटसुलट बघायचं राहून गेलं.

निलंग्याच्या अलीकडं, डांबरी सडकेला लागून, रेवणसिद्ध अप्पांचं गुऱ्हाळ आहे. तिथला गुळव्या बसलिंगप्पा. रस कधी उतरवायचा हे त्या भागात फक्त त्याला कळतं, असं तो स्वतः सांगायचा, आणि त्याच्या हातची ढेप फोडल्यावर कुणी उलट बोलत नसे. भुजंगनं बावीस वर्षं त्याच्या हाताखाली रसावरची मळी काढली. चुन्याची निवळी किती टाकायची, भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी कधी सोडायचं, सगळं शिकला. राहिली फक्त शेवटची पंधरा मिनिटं. पाक घट्ट व्हायला लागला की उस्ताद म्हणायचा, "भुजंग्या, जा, बैलं बघून ये." चरकाला विजेची मोटार लागून आणि बैलं विकून अकरा वर्षं झाली होती. तरी भुजंग इमानदारीत जायचा, रिकामा गोठा बघायचा आणि परत यायचा. तोवर गूळ निवायला वाफ्यात पडलेला असायचा.

श्रावणात बसलिंगप्पाला ताप आला. भुजंग आठ दिवस उशाशी बसला, आता तरी सांगेल म्हणून. उस्तादानं दोन मोसंब्या खाल्ल्या आणि तो गेला. लिंगायत रिवाजाप्रमाणं त्याला बसवून माती दिली, त्याच्याच दोन गुंठ्यांच्या तुकड्यात. तो तुकडा अप्पांच्या फडाला लागून आहे. यंदा ऊसतोड सुरू झाली ती नेमकी त्याच कडेनं. तिथल्या उसाची मुळं कुठवर गेली असतील हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

अप्पांनी भुजंगला गुळव्याची जागा दिली, पण तीन काहिलींच्या बोलीवर. तीनपैकी एक तरी गूळ नीट बसला पाहिजे. नाही तर भालकीहून दुसरा गुळव्या येणार, आणि भुजंगनं जन्मभर मळीच काढायची. भालकीवाल्याचा नंबर अप्पांनी मोबाइलमध्ये सगळ्यात वर ठेवला होता.

पहिल्या काहिलीला मळी निघाली, रस उसळला, फेस चढायला लागला. अशा वेळी करडईच्या तेलाचे चार थेंब शिंपडायचे, की फेस मुकाट्यानं खाली बसतो. भुजंगनं तेलात बोटं बुडवली आणि काहिलीकडं बघितलं.

फेसात बसलिंगप्पा होता.

नाक डावीकडं वाकडं, जवानीत चरकाच्या दांड्यानं मोडलेलं. कपाळावरच्या आडव्या तीन रेघा. पटक्याचे पीळसुद्धा. भुजंगला आधी वाटलं, वाफेनं डोळे चळले. पण तो बघतच राहिला. बुडबुडे सारखे फुटत होते. एक फुटला की शेजारचा सरकून त्याच्या जागी यायचा, त्याची भिंत ताणायची, वाकायची आणि पलीकडच्या भिंतीला जाऊन चिकटायची. नाकातला एकही बुडबुडा मघाचा नव्हता. नाक मात्र तेच होतं.

तेल टाकलं तर उस्ताद फुटेल म्हणून भुजंगनं हात आखडला. फेस चढत चढत काठावरून चुलाणात गेला. जळक्या साखरेचा वास सडकेपर्यंत पोचला, आणि औरादच्या एसटीतल्या माणसांनी खिडक्यांतून माना बाहेर काढल्या. उरलं ते चमच्यानं खावं असं काहीतरी. तेल संपलं होतं, असं भुजंगनं अप्पांना सांगितलं. तेलाचा डबा त्यांच्या पायाशी होता.

दुसऱ्या काहिलीला त्यानं सुकन्याला सोबत आणलं. शिकलेलं माणूस जवळ असलं की भुतं जरा लाजतात, असा त्याचा अंदाज होता. सुकन्यानं चेहरा बघितला. मग तिनं मोबाइल काढून काहिलीवर धरला. मोबाइलनं फेसाभोवती पिवळी चौकट आखली, लग्नातल्या फोटोत माणसाच्या तोंडाभोवती आखतो तशी. तिनं मोबाइल खिशात ठेवला.

"पप्पा, फेसात असं होत असतंय," ती म्हणाली, पण बापाकडं न बघता. "एकेक बुडबुडा म्हणजे खोली. खोल्या जागा बदलत राहतात, भिंती वाकतात, पर अख्खा फेस मोडत न्हाई. उसाचंबी तसंच असतंय. आतून पाणी रेटतंय, भिंत नरम राहतीय, म्हणून तर ऊस वाढतो."

"मग आकार कोण धरून ठेवतंय?"

"ते पुढच्या सेमिस्टरला हाय."

भुजंगनं मन घट्ट केलं आणि तेल शिंपडलं. भोवतालचा सगळा फेस झपकन बसला. चेहरा बसला नाही. तो सुटून, सायीच्या पापुद्र्यासारखा, उकळत्या रसावरून सावकाश सरकत काहिलीच्या या काठाला आला आणि भुजंगच्या समोर थांबला. डोळ्यांच्या जागी दोन मोठे बुडबुडे होते. ते फुटत नव्हते. ओठ हलत होते.

भुजंग ऐकायला वाकला, वाकलेलाच राहिला, आणि पाक बुडाला लागून काळा झाला.

"जिता होता तवा कुणाला सांगितलं न्हाई त्यानं," कावेरीबाई चुलाणापाशी बसून म्हणाली. ती यंदाच कामाला लागली होती, पण गावची असल्यामुळं बसलिंगप्पाला ओळखून होती. "आता मेल्यावर सांगून राहिला व्हय?"

त्या दुपारी बापलेक चिपाडाच्या ढिगाजवळ भाकरी खायला बसले. वारा नव्हता. तरी ढीग कुरकुरत होता. चरकातून चपटी होऊन आलेली चिपाडं आपोआप फुगत होती, एकमेकांना ढकलत होती, आणि सगळा ढीग छाती भरून घेतल्यासारखा हळूहळू वर येत होता. भुजंगचा घास हातात राहिला. दाबलेल्या भिंती परत सरळ होतात, सुकन्यानं सांगितलं.

"म्हंजी चरकातून गेलेलं मरत न्हाई का?"

"मरतं की पप्पा," सुकन्या म्हणाली. "पर ते भिंतीला कळायला टाइम लागतो."

भुजंगनं भाकरी बांधून ठेवली.

तर आजची ही तिसरी काहील होती. भुजंगनं शर्ट सरळ करून घातला. अप्पा स्वतः आले, बाज टाकून बसले आणि मोबाइल मांडीवर ठेवला. चरक सुरू झाला. बसलिंगप्पाच्या तुकड्याकडच्या उसाची शेवटची मोळी आत गेली, तेव्हा तिचा आवाज कांड्या मोडल्यासारखा आला नाही, कुणी दाराच्या कड्या काढत जावं तसा आला. भेंडीचं पाणी पडलं, मळी निघाली. या खेपेला काही कमी पडू नये म्हणून भुजंग कावेरीबाईला सारखं सांगत होता, चिपाड सार, आणखी सार. चुलाण घुमायला लागलं.

फेस चढला, आणि या वेळी नुसता चेहरा आला नाही. मान आली, खांदे आले. मातीत बसवला होता तसाच मांडी घालून बसलिंगप्पा काहिलीत वर उठायला लागला. हजारो भिंती ताणत होत्या, वाकत होत्या, तुटून पुन्हा सांधत होत्या, आणि तो कुठंच तुटत नव्हता. अप्पा बाजेवरून उठले, त्यांनी हात जोडले आणि लिंगायतांचा नमस्कार पुटपुटले, शरणु शरणार्थी. सुकन्यानं बापाच्या शर्टाची मागची बाजू मुठीत धरली.

फेस काठाला टेकला होता.

"तेल टाक, भुजंगा," अप्पा म्हणाले, पण आवाज मालकाचा नव्हता.

भुजंगनं तेलाची वाटी उचलली. टाकलं आणि या खेपेला उस्तादही बसला, तर शेवटच्या पंधरा मिनिटांचं गुपित कायमचं गेलं, न टाकलं तर जागा गेली. तो काहिलीवर वाकला. वाफेनं भुवया भाजल्या.

"उस्ताद," तो म्हणाला, "बावीस वर्षं मळी काढली. तेवढं एक सांगून जावा."

फेसाचे ओठ ताणले. मधली भिंत पातळ होत होत काचेसारखी झाली आणि फुटली. आतून आवाज आला, तोच, खर्जातला, जरा कुरकुरा.

"भुजंग्या, जाळ कमी कर की जरा. खालून लई भाजून राहिलं."