वाइरेबाचं पान

कुपांग शहरातल्या मोठ्या शाळेत एर्मेलिंदाला, म्हणजे लिंदाला, कुणी चिडवलं नव्हतं, पण कुणी हाकही मारली नव्हती. तिचं गाव वाइरेबा, बोटीने रात्रभराच्या वाटेवरचं. पण ते कुठे आहे हे विचारणार कोण?

म्हणून तेरेसियाबाईंनी एका गावाची माहिती लिहून आणायला सांगितली, तेव्हा तिला कोण आनंद झाला! माहिती कुठून घेतली त्याचा आधार मात्र द्यायचा होता. भाड्याच्या खोलीवर येऊन तिने मोबाइलवर विश्वकोश उघडला. वाइरेबाच्या पानावर एकच ओळ: हे बेटावरचं एक गाव आहे. बस्स. 'बदल करा'वर बोट ठेवून तिने इतक्या महिन्यांत कुणाशी न बोललेलं सगळं भडाभडा लिहून टाकलं, वहीतही उतरवलं. खातं उघडायचं असतं हे तिला कुठलं ठाऊक? लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसते आकडे उमटले.

सकाळी पाहते तर पान पुन्हा एका ओळीचं. कुणा संपादकाचा शेरा होता: आधार नाही.

वर्गात आधी पुढच्या बाकावरची ग्रासिया उभी राहिली. "वाइरेबा," तिने वाचलं. काम झटपट उरकावं म्हणून ग्रासियाने छोटंसं गाव शोधलं होतं आणि मजकूर उडायच्या आत छापूनही घेतला होता. वाक्यं लिंदाची, ठसका ग्रासियाचा. बायका मक्याचे तापलेले दाणे भांड्यातून हातानेच उचलतात, दगडावर ठेवून दगडाने चपटे करतात. बोटांना चटका लागत नाही.

बाईंनी शाबासकी दिली. मग लिंदाची वही बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "शब्दन् शब्द तोच. हिचं बघून लिहिलंस?"

"नाही बाई. तिथे मीच लिहिलंय."

"हो, आणि इंटरनेट हिच्या मामाचं," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग खिदळला.

बाईंनी पानाचा इतिहास उघडला. "यात तुझं नाव कुठाय, बाळ?"

कुठेच नव्हतं. खाली बसावं, दुसरं गाव घ्यावं, असं तिला वाटलं. पण ते शेवटचं वाक्य काही गिळवेना.

"चटका लागतो, बाई."

"काय?"

"आईच्या बोटांना फोड येतात. तुम्ही सगळे हसाल म्हणून मी ते लिहिलं नाही."

कुणी हसलं नाही. ग्रासियाने कागदावरचं ते वाक्य खोडलं आणि मागे वळून विचारलं, "आणखी काय चुकलंय गं?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. आईची आठवण दाबून लिंदा ग्रासियाच्या बाकाशी गेली आणि तिने कागदाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.