गिरीजची अकरा मैदानं

माझी बायको लतिका जाऊन चौदा महिने झाले. तिच्या आजारपणात आमच्या सुरुचीने कॉलेजचं एक वर्ष सोडलं. मुलगी नगररचना शिकते. रस्ता कुठून न्यायचा, गटार कुठे काढायचं, मोकळी जागा किती ठेवायची, ते सगळं. पहिली पदवी चार वर्षांची, पुढची दोन. पण तिच्या कॉलेजात एक सोय आहे. तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प परीक्षकांना पटला तर चौथ्या वर्षातच पुढच्या पदवीचे विषय घेता येतात आणि दोन्ही पदव्या पाच वर्षांत होतात. सुरुचीला ते हवंच होतं. आईपायी गेलेलं वर्ष त्यात भरून निघणार होतं. ही संधी एकदाच मिळते.

प्रकल्पाला तिने गिरीज हे जवळचं गाव निवडलं. आम्ही एव्हरशाईन सिटीतले, फ्लॅटमधली माणसं. उपग्रहाच्या फोटोवरून तिने नकाशा केला. त्यात केळीच्या वाड्यांमध्ये अकरा हिरवे तुकडे सापडले.

"बाबा, अकरा मोकळी मैदानं! अकरा बागा होतील. मुलं खेळतील, म्हातारी माणसं बसतील."

परीक्षा मंगळवारी होती. शनिवारी ती म्हणाली, "जागा मोजायच्यात, फीत धरायला चला ना. माझी मैत्रीण गावाला गेलीय."

मी दूध आणण्यापलीकडे घराबाहेर पडत नव्हतो. पण गेलो.

पहिला तुकडा मेरीबाय नावाच्या बाईच्या वाडीमागे होता. गुळगुळीत, हिरवागार. सुरुची एका टोकाला उभी राहिली. मी फीत ताणत उलटा मागे चाललो.

"बाबा, थोडी सैल सोडली तरी चालेल."

"चालेल कसं? मी तीस वर्षं लेथवर काम केलंय. सैल फितीचं माप म्हणजे..."

पुढच्या पावलाला जमीनच नव्हती. मी कमरेपर्यंत पाण्यात उभा, अंगावर शेवाळाचा हिरवा थर, आणि फीत हातात तशीच ताठ.

मेरीबाय धावत आली. "अहो, पोहायला आलात काय?"

"मैदान मोजतोय," मी म्हणालो.

"मैदान? बावखल आहे ते! सेबेस्टियन, लवकर ये! एक बाबा आपल्या बावखलात मैदान मोजतोय!"

तिचा नवरा बांबू घेऊन आला आणि काठावर बसलाच. "थांबा, आधी हसून घेतो. मग काढतो."

मलाही हसू आलं. आवरेना. सुरुची घाबरून बघत होती, मग तीही हसायला लागली. किती दिवसांनी आम्ही दोघं एकदम हसलो.

मला सेबेस्टियनची लुंगी नेसायला मिळाली. सुरुचीने नकाशा मेरीबायपुढे धरला. "मग हे काय आहे?"

"ते लोपीसांचं बावखल."

"आणि हे?"

"ते पण बावखल. तिकडे बाबांना नको पाठवू, खोल आहे."

अकरापैकी दहा बावखलं, म्हणजे वाड्यांमधली तळीच निघाली. अकरावं कुणीतरी भराव टाकून बुजवलं होतं, त्यावर गवत होतं.

सेबेस्टियन म्हणाला, "पावसाचं पाणी यात साठतं, तेच विहिरींना मिळतं. तू यांच्यावर बाग करणार? मग आमच्या वाड्या कशा जगतील, पोरी?"

सुरुची पायरीवर बसून रडायला लागली. "सगळा प्रकल्पच चुकला. तीन दिवसांत काय करू?"

"रडतेस काय?" मेरीबाय म्हणाली. "उद्या रविवार. चर्चमध्ये मिस्सा झाली की सगळे तिथल्या अंगणात भेटतात. नकाशा घेऊन ये."

रविवारी चर्चच्या अंगणात बाकावर नकाशा पसरला. म्हातारे त्यावर भांडले. "तुझं बावखल कधीचं एवढं मोठं?" "तुझ्या आज्याला विचार!" फोटोत झाडांखाली लपलेली आणखी सहा तळी त्यांनी दाखवली. मी नावं लिहून घेतली. सुरुचीने दोन रात्री जागून आराखडा नव्याने केला. बागा गेल्या, सोळा तळी जपायची आणि बुजलेलं एक उकरायचं, असं ठरलं.

मंगळवारी मी कॉलेजच्या व्हरांड्यात बसलो. तासाभराने ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय म्हणाले?"

"मी दोन्ही नकाशे शेजारी लावले आणि माझी चूक सांगितली. मग त्यांनी विचारलं, पाण्याची खोली कशी मोजली?"

"तू काय सांगितलंस?"

"खरं तेच. एक मॅडम इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं." मग तिने माझा हात धरला. "बाबा, घेतलं मला. पाच वर्षांत दोन्ही!"

लतिका असती तर तिने आधी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले असते. ते मी संध्याकाळी केलं. मेरीबायला फोन लावला, तर ती आपल्या बोलीत घरभर ओरडली. मला शब्द कळले नाहीत, आनंद कळला.

रात्री जेवताना सुरुची म्हणाली, "पुढचं काम तुळिंजला. तिथे जुन्या विहिरी किती उरल्यात ते शोधायचं. रविवारी निघू."

"अगं, निकाल आजच लागलाय."

"एक वर्ष कमी केलंय ना, मग वेळ कुठाय?"

"बरं. डबा मी करतो," मी म्हणालो.

"तुम्हाला काय येतं?"

"काही नाही. एका रात्रीत शिकेन असं म्हणत नाही. पण रविवारपर्यंत शिकेन."