दोन्ही बाह्या डाव्या

सांगतो, पण तुमचा विश्वास बसायचा नाही. माझ्या बायकोचाही बसला नाही, आणि तिने तर एकदा माझ्याशी लग्न करण्याइतका विश्वास ठेवला होता. माझ्या थोरल्या भावाचा लुळा पडलेला हात माझ्या जळफळाटाने बरा झाला. औषधाने नाही, डॉक्टरांनी नाही, माझ्या पोटातल्या आगीने! तो बघा, टेबलाशी कापड कापतोय, तोच हात. तुमच्या कोटाची ट्रायल व्हायला अजून वेळ आहे. बसा.

दुकान आम्हा दोघांचं. दादा कटिंग मास्तर, मी शिलाईवाला. कॉलर बसवतो कोण? मी. खिशाचं तोंड धारदार ठेवतो कोण? मी. आणि गिऱ्हाईक कोट घालून आरशापुढे उभं राहिलं की म्हणतं काय? "वा मास्तर, काय कट आहे!" चाळीस वर्षं हे ऐकून माझे कान किटले. दादाच्या कात्रीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मी एकदा त्या कात्रीने नुसता दोरा तोडला, तर पठ्ठ्या तीन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मग एका सकाळी रेघ मारता मारता दादाच्या हातून खडू पडला. उचलायला वाकला तो वाकलाच. तोंड वाकडं, जीभ जड. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकलीय, म्हणून उजवं अंग गेलं आणि बोलणंही. लवकर आणलंत म्हणून वाचले. मी रडलो. खरंच रडलो, ह्यात थाप नाही. पण डोळे पुसता पुसता मनात आलं ते आलंच: आता कात्री कोण धरणार?

दादा घरी आला. घर म्हणजे ही दुकानामागचीच खोली. मला बोलावून म्हणाला, "तीन... म... महिने." पुढचं वहिनीने सांगितलं, "तीन महिन्यांत हात आला नाही, तर कात्री तुमची, भावजी. तोवर उसनी."

उसनी! स्वतःच्या दुकानात!

व्यायाम शिकवायला एक बाई येऊ लागल्या. कोटाची पाठ कशी बसली ते दाखवायला आपण गिऱ्हाइकामागे छोटा आरसा धरतो ना, तो त्यांनी टेबलावर उभा केला. लुळा हात आरशाच्या मागे, चांगला पुढे. "चांगली मूठ उघडा, मिटा, आणि बघायचं ते फक्त आरशात." आरशात डावा हात उजवा दिसतो. मेंदूला वाटतं, अरेच्चा, हा चालतोय की! बाई म्हणाल्या, मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, पण कधी कधी शेजारचा भाग त्याचं काम शिकतो. तान्हं बाळ मूठ उघडायला शिकतं तसं, हळूहळू. रोज अर्धा तास. खंड पडता कामा नये.

सतराव्या दिवशी दादाची करंगळी हलली. गल्लीच्या टोकाला आमचं घर, तिथवर बातमी माझ्याआधी पोचली; माझी बायको धावत दुकानात आली, "अहो, ऐकलंत का, दादांचं बोट हललं!"

"माझी दहा बोटं चाळीस वर्षं हलतायत," मी म्हटलं, "कुणी टाळी वाजवली?"

"तुमची थांबली होती कुठे?" असं म्हणून ती आत दादाला सूप भरवायला गेली. मला निदान विचारायचं तरी, सूप हवंय का म्हणून.

त्याच दिवशी मी पहिला कोट कापला. कापड एकेरी पसरलं असलं की दुसऱ्या बाहीला नमुना उलटा करून ठेवावा लागतो. पोरालाही ठाऊक असतं. माझं लक्ष आतल्या टाळ्यांकडे. मी सरळच ठेवला आणि कात्री चालवली. गिऱ्हाईक ट्रायलला आलं, उजवा हात बाहीत घालतंय, हात जाईना. दादा दारातल्या खुर्चीवरून बघत होता. एकदम ओरडला, "दोन्ही... बाह्या... डाव्या!"

आजारपणानंतरचं त्याचं पहिलं पुरं वाक्य! वहिनीला रडू फुटलं. बाईंनी टाळ्या पिटल्या. ज्याच्या कापडाची मी वाट लावली होती, ते गिऱ्हाईकसुद्धा तशाच अवतारात जाऊन दादाचं अभिनंदन करून आलं. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी आरसा गायब!

"कुठे गेला?" म्हणून काय विचारता? चालत गेला. मी ह्या डोळ्यांनी पाहिलं. आरशातला दादा व्यायाम करून करून इतका तरबेज झाला होता, की उठला, आपलाच आरसा काखोटीला मारला आणि दाराबाहेर पडला. मी म्हटलं, "कुठे?" म्हणाला, "दुसरं दुकान बघतो, इथे बाह्या नीट कापत नाहीत." हसा, हसा. सगळं घर पालथं घातलं आम्ही. सगळ्यांत जास्त शोधला तो मीच.

आता खरी गंमत पुढे. आरसा नाही, व्यायाम बंद, तरी बोटं थांबेनात! अंगठा हलला, मग मूठ, मग मनगट. कशाने? मी शेजारी बसून जळत होतो, त्या धगीने. इतका तापलो होतो की त्या महिन्यात आम्ही इस्त्रीच लावली नाही. पँट माझ्या पाठीवर पसरायची, कडक घडी तयार. त्या उबेनेच दादाच्या नसा सैल झाल्या आणि ऐंशीव्या दिवशी त्याने कात्री उचल...

"पुरे हो, भावजी!" कोपऱ्यात काजं करत बसलेल्या वहिनीने सुई खाली ठेवली. "आरसा चालत-बिलत कुठे गेला नव्हता. तुमच्या मशीनखालच्या पेटीत होता, अस्तरात गुंडाळलेला. तिसऱ्याच दिवशी सापडला मला. तुम्ही दुपारी जेवायला गेलात की मी काढायचे, ह्यांचा व्यायाम करून घ्यायचे आणि तुम्ही यायच्या आत होता तसा ठेवून द्यायचे. ह्यांनीच अर्ध्या शब्दांत बजावलं होतं मला, त्याला कळू देऊ नकोस, मान खाली जाईल त्याची."