पिंपातला भात

"धरलास का नट?"

"धरलाय."

"घट्ट धर. मी बाहेरून पिळतोय."

"अहो, तुम्ही भलताच स्क्रू पिळताय. माझ्या हातातला ढिम्म हलत नाहीये."

मिस्त्रींनी पाना थांबवला, चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून पाहिलं. खरंच भलताच होता. मागच्या अंगणातल्या फरशीवर मावशी बसल्या होत्या, उजवा हात खांद्यापर्यंत त्या हिरव्या पिंपात आणि गाल पिंपाच्या प्लास्टिकला टेकलेला. हे पिंप एकट्याने जोडताच येत नाही. बाहेरून स्क्रू फिरवायला एक माणूस लागतो आणि आत हात घालून नट धरायला दुसरा. मिस्त्रींच्या पंजाला ते तोंड पुरेना, म्हणून मावशींना बोलवावं लागलं होतं.

मिस्त्रींनी पस्तीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्त केली. मावशींनी बत्तीस वर्षं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात रोज दोनशे माणसांचं जेवण रांधलं. त्यामुळे सगळी गल्ली त्यांना मिस्त्री आणि यांना मावशी म्हणायची. एका छपराखाली मिस्त्री आणि मावशी राहतात हे नात्यात कुठे बसत नाही, असं वरच्या मजल्यावरचे मास्तर गमतीने म्हणायचे.

पिंप म्हणजे आठ फळ्या, मधोमध एक भिंत, आडवा दांडा, पायांसाठी चार नळ्या आणि पुडीभर स्क्रू. पायांवर आडवं चढवायचं, आत ओला कचरा आणि सुका पाला घालायचा आणि दोन-तीन दिवसांनी पाच-सहा वेळा गरगर फिरवायचं. दोन महिन्यांत खत तयार. मधल्या भिंतीमुळे दोन कप्पे होतात. एक भरला की झाकून मुरू द्यायचा आणि दुसरा भरायला घ्यायचा. सकाळी नऊला बसलेली जोडी दुपारी एकला उठली, तेव्हा पिंप उभं होतं आणि मिस्त्रींच्या हातात दोन स्क्रू उरले होते.

"हे कुठले?" मावशींनी विचारलं.

"कंपनी दोन जास्तच देते."

"गिऱ्हाइकांनाही हेच सांगत होतात ना?"

मावशी थट्टा करत होत्या. मिस्त्रींना इतकं बरं वाटलं की ते दोन्ही स्क्रू त्यांनी जपून खिशात टाकले.

कारण या घरात गेली दोन वर्षं थट्टा नव्हती. एकुलता एक मुलगा तापाने गेला, सव्विसाव्या वर्षी, मावशी ज्या इस्पितळात रांधायच्या तिथेच, आठ दिवसांत. आणि तेव्हापासून मावशी रोज तिघांचा स्वयंपाक करत होत्या. त्या तिसरं ताट मांडत नव्हत्या, त्याच्याशी बोलत नव्हत्या, तसलं काही नाही. दोघं जेवून उठायची आणि पातेल्यात एका माणसाचा भात उरायचा. वाटीभर भाजी उरायची. एक उकडलेलं अंडं उरायचं.

सुरुवातीला मिस्त्री ते संध्याकाळी खायचे. मग साखर वाढली आणि डॉक्टरने हात जोडले. मग मावशी अंघोळीला गेल्या की ते उरलेलं कागदात गुंडाळायचे आणि कचऱ्याच्या गाडीत टाकून यायचे, चोरासारखे. एके दिवशी गाडीवाला मोठ्याने म्हणाला, "काय मिस्त्री, तुमच्याकडे रोज लग्न असतं का हो? केवढा हा भात!" मावशी खिडकीत केस पुसत उभ्या होत्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

'दोघांचाच कर' एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. मिस्त्रींच्या ते कितीदा ओठांवर आलं आणि कितीदा त्यांनी गिळलं, याला गणती नाही. बायकोला हे सांगायचं म्हणजे पोरगा गेला हे तिला पुन्हा सांगायचं, आणि ते एकदा सांगतानाच त्यांचा अर्धा जीव गेला होता. म्हणून त्यांनी पिंप आणलं. मावशींना म्हणाले, "आता काही फेकायचं नाही. उरलंसुरलं यात घालायचं. त्याची माती होईल, झाडांना घालू."

"शिजवलेलं चालतं?"

"सगळं चालतं."

खोक्यात एक चित्रांचा कागद आला होता. साली, देठ, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, यांपुढे हिरवी खूण. खाली वाफाळत्या पातेल्याचं चित्र आणि त्यावर लाल फुली. मिस्त्रींनी तो कागद घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. ज्या माणसाने जन्मभर दारोदार 'अहो, कागद वाचून मग बटण दाबा' म्हणून लोकांना फैलावर घेतलं, त्याने. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

पहिले पंधरा दिवस मजेत गेले. सकाळी मावशी पातेलं घेऊन अंगणात यायच्या, पिंपाचं दार सरकवायच्या आणि डावाने भात आत सोडायच्या. मग सालं, मग मूठभर सुका पाला. मिस्त्री पिंप फिरवायचे. मावशी मोजायच्या, "चार, पाच, सहा, बास. घेरी येईल त्याला." मग दोघं तिथेच पायरीवर चहा प्यायची. दोन वर्षं एकाने पुढच्या खोलीत आणि दुसऱ्याने स्वयंपाकघरात चहा प्याला होता. मिस्त्रींना वाटलं, जमलं. देवाने उशिरा का होईना, एक काम सरळ होऊ दिलं.

तिसऱ्या आठवड्यात पिंपाला वास यायला लागला.

मुरणाऱ्या पाल्याला मातीचा वास येतो, तो कुणाला नकोसा होत नाही. हा वास आंबट होता, ओकारी आणणारा. भाताचा चिकट गोळा झाला होता आणि पिंप फिरलं की आत धप्पकन आपटत होता. भोकांतून काळं पाणी गळायला लागलं, चिलटं जमली, मग अळ्या. मिस्त्रींनी पुठ्ठे फाडून घातले, लाकडाचा भुसा आणून घातला. मावशींना म्हणाले, "हा कप्पा भरला. आता दुसऱ्यात घाल." दहा दिवसांत दुसऱ्यानेही पहिल्याचा कित्ता गिरवला.

एका सकाळी मास्तर नाकाला रुमाल लावून जिन्यात उभे.

"मिस्त्री, राग मानू नका. तुमचं यंत्र फिरलं की आमच्या घरातली माणसं गरगरतात. काय घालता काय त्यात?"

"पाला, सालं," मिस्त्री म्हणाले.

मास्तरांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. त्यांच्या खिडकीतून अंगण स्वच्छ दिसायचं, पातेलंही दिसायचं. "बरं," एवढंच म्हणून ते वर गेले.

गुरुवारी मावशी भाजी आणायला गेल्या तशी मिस्त्रींनी संधी साधली. पिंपाखाली घमेलं ठेवलं, खिशातला कागद काढून पायरीवर दगडाखाली पसरला, निदान यापुढे तरी नीट करू म्हणून, आणि खुरप्याने सगळं उपसून पोत्यांत भरायला लागले. दुसरं पोतं निम्मं झालं असेल, मागून पिशवी टेकल्याचा आवाज झाला.

"एवढ्यात आलीस?"

"मंडई बंद आहे आज." मावशी पोत्याकडे बघत होत्या. पाच आठवड्यांचा भात, पण शितं अजून शितासारखीच दिसत होती. "हे कुठे चाललं?"

मिस्त्रींनी पोत्याचं तोंड मुठीत आवळलं.

"गाडीत?"

"अगं, बिघडलंय ते. पुन्हा नव्याने भरू आपण."

मावशींचं लक्ष पायरीवरच्या कागदाकडे गेलं. त्या वाकल्या. पातेल्यावरची फुली कळायला चष्मा लागत नव्हता. पाच आठवडे खिशात राहून कागदाच्या घड्या काळ्या पडल्या होत्या, तेही त्यांनी पाहिलं.

"तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"मग मला सगळं चालतं म्हणून का सांगितलंत? मी रोज इथे येऊन डावाने वाढतेय. मला वाटलं, वाया जात नाहीये. कुठेतरी लागतंय."

"मग काय सांगू?" मिस्त्रींचा आवाज एकाएकी चढला. खुरपं हातातच होतं. "काय सांगायला हवं होतं मी? दोघांचाच कर म्हणून सांगू? दोघंच आहोत गं आपण! दोघांचाच कर!"

झालं, सुटले ते दोन शब्द. तेही ओरडून, अंगणात उभं राहून. वरची खिडकी कुणीतरी हळूच लावून घेतली.

मावशी रडल्या नाहीत. पायरीवर बसल्या आणि पदराने कागद पुसायला लागल्या, उगाचच.

"मला वेड लागलंय असं वाटलं का तुम्हाला?"

"नाही गं."

"वाटलं असेल. वाटण्यासारखंच आहे." त्यांनी कागद मांडीवर ठेवला. "बत्तीस वर्षं वॉर्डातून परत येणारी ताटं पाहिली मी. ताट चाटूनपुसून आलं की समजायचं, हा चार दिवसांत घरी जाणार. अर्धं आलं की अजून मुक्काम आहे. आणि भरलेलं आलं की..." त्यांनी कागदाची घडी घातली. "त्याचं ताट पाचव्या दिवशी भरलेलं आलं. माझ्या हातचं होतं, त्याला आवडतो तसा मऊ भात. मी चमच्याने उलटून पाहिलं, एक शीत हललं नव्हतं. तुम्हाला डॉक्टरांनी आठव्या दिवशी सांगितलं. मला पाचव्या दिवशीच कळलं होतं."

त्या तीन दिवसांत मिस्त्री रोज घरी येऊन तिला म्हणाले होते, आज जरा हुशारी वाटतेय हं त्याला. आणि ती हो म्हणाली होती.

"बोलली का नाहीस मला?"

"तुम्हाला दोन वर्षं एवढंसं बोलता आलं नाही. मला ते कसं बोलता येणार होतं?"

मिस्त्री तिच्या शेजारी बसले. हात घाण होते म्हणून ते त्यांनी गुडघ्यांवर उताणे ठेवले.

"तो गेला हे मला माहीत आहे हो," मावशी म्हणाल्या. "रोज सकाळी उठल्या उठल्या पहिलं तेच आठवतं. पण डब्यात हात घातला की मुठी आपोआप पडतात. मी आयुष्यात कधी मोजून रांधलं नाही. दोनशे माणसांचं केलं तेव्हाही नाही. सव्वीस वर्षं या घरात तिघांच्या मुठी पडल्या. डोक्याला कळतं, पण हाताला कोण सांगणार?"

मग त्या उठल्या, बाह्या वर केल्या आणि पिंपात हात घातला. कोपऱ्यांत मिस्त्रींचं खुरपं पोचत नव्हतं, तिथला चिकटलेला भात त्यांनी बोटांनी खरवडून काढला. मिस्त्रींनी नळी लावून पाणी मारलं. पोती दोन झाली. एक मिस्त्रींनी उचललं, दुसरं मावशींनी. "राहू दे, मी नेतो," असं ते म्हणाले, पण मावशींनी ऐकलं नाही. लपवाछपवी न करता, भर सकाळी, दोघांनी ती गाडीपर्यंत नेली. गाडीवाल्याने तोंड उघडलं होतं, पण मावशींकडे पाहून मिटलं आणि पोती हातातून घेतली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री उठून स्वयंपाकघराच्या दारात आले तेव्हा ओट्यावर तांदळाचा डबा उघडा होता. शेजारी पारदर्शक प्लास्टिकचं एक माप होतं, अंगावर लाल रेघा असलेलं, किमतीची चिठ्ठीसुद्धा अजून काढली नव्हती. आदल्या संध्याकाळी मावशी कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या होत्या, त्या कशाला हे मिस्त्रींनी विचारलं नव्हतं. इस्पितळात नव्याने लागलेल्या पोरींना असली मापं देत. मावशींनी तिथे अशा कितीतरी पोरी हाताखालून काढल्या होत्या.

त्यांनी चष्मा लावला होता. माप भरून खिडकीच्या उजेडात धरलं, तर्जनीने वरून सपाट केलं आणि पातेल्यात ओतलं. दुसऱ्यांदा भरलं, ओतलं. रेघेच्या वरचे चार दाणे ओट्यावर पडले होते, ते एकेक उचलून परत डब्यात टाकले. पातेलं तेच, नेहमीचं. त्याच्या तळाशी तेवढेसे तांदूळ फार कमी दिसत होते.

"बरोबर आहे का बघा."

मिस्त्रींनी वाकून पाहिलं. त्यांना रांधण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. "बरोबर आहे," ते म्हणाले.

मावशींनी मान हलवली. माप बाजूला ठेवलं. आणि मग त्यांचा उजवा हात डब्यात गेला आणि भरलेली मूठ घेऊन वर आला. त्या तशाच उभ्या राहिल्या, मुठीकडे बघत. बोटांच्या फटींतून दोन-चार दाणे डब्यात पडले, टप टप वाजले. मिस्त्रींना म्हणावंसं वाटलं, राहू दे, घाल, मी खाईन संध्याकाळी, डॉक्टर गेला उडत.

मावशींनी हात पुन्हा डब्यात नेला, मनगटापर्यंत, आणि बराच वेळ आतच ठेवला. बाहेर आला तो रिकामा होता.

"झाकण लावा," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी झाकण लावलं.