घोट्याची रेघ

माणूस कसा चालतो हे मोजणं हे माझं काम. दवाखान्यातल्या एका लांबट खोलीत भिंतींना वरच्या बाजूला आठ कॅमेरे लावलेत. पेशंटच्या कमरेला, गुडघ्यांना, घोट्यांना चकचकीत मणी चिकटवायचे, त्याला चालवायचं, आणि कॅमेरे त्या मण्यांचा माग काढतात. नियम एकच: प्रत्येक मणी एका वेळी निदान दोन कॅमेऱ्यांना दिसला पाहिजे. नाहीतर तो नेमका कुठे आहे ते कंप्युटरला कळत नाही.

गेल्या आठवड्यात माझी वहिनी तिथे चालली. ती पायी टपाल वाटते, आणि वर्षभर तिचा उजवा पाय दुखतोय. माझा अहवाल बघून डॉक्टरांनी गुडघ्याचं ऑपरेशन ठरवलं. म्हणजे सहा महिने घरी. आधी घोटा दुखतो, गुडघा नंतर, असं वहिनी पहिल्यापासून सांगत होती. आम्ही तिला वेड्यात काढलं, आणि त्यात मी सगळ्यांच्या पुढे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी चहा पिताना मी सहज तिची फाइल उघडली. घोट्याच्या आतल्या बाजूचा मणी दर पावलाला, नेमका टाच टेकताना, गायब होत होता. वरून बघणाऱ्या कॅमेऱ्यांच्या आड तिचाच डावा पाय येत होता. पडद्यावर उमटणाऱ्या मण्याच्या रेघेत अशी फट पडली की आम्ही अलीकडचं टोक पलीकडच्या टोकाला जोडून देतो. रोजचंच काम, त्यामुळे हातही न थबकता होतं. मी जोडलेली रेघ इतकी सुबक होती की डॉक्टरांना घोटा ठणठणीत वाटला.

आमच्या प्रमुखांना सांगितलं. दिलेला अहवाल उकरून काढू नकोस म्हणाले, शिवाय तीन वाजता खोली दुसऱ्यांना हवी होती. तीनच्या आत आटपते, असं सांगून मी वहिनीला फोन लावला. मी हट्टाला पेटले की घरातही कुणी आडवं येत नाही.

वहिनी लंगडत आली. "उद्या पाय कापायचाय, तर आज त्याची वरात कशाला काढतेस?" मी हसण्यावारी नेलं. खरं सांगायचं धाडस झालं नाही.

दोन कॅमेरे खाली उतरवले आणि ठेंगण्या स्टँडवर, गुडघ्याच्याही खाली, चालायच्या वाटेच्या दोन्ही टोकांना समोरासमोर ठेवले. मणी लावलेली कांडी खोलीभर फिरवून सगळ्या कॅमेऱ्यांची जुळणी केली. वहिनी चालली आणि पडद्यावर भलतेच ठिपके नाचायला लागले. प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतःचा दिवा असतो, आणि समोरासमोरचे कॅमेरे एकमेकांचेच दिवे मणी समजत होते. चूक नवशिक्याची होती आणि मला या कामात अकरा वर्षं झालीत. स्वतःचा इतका राग आला की स्टँडला लाथ घालावीशी वाटली. तेवढ्यात वहिनी खुर्चीत बसून पाय चोळताना दिसली. मग दोन्ही कॅमेरे टोकांपासून बाजूला सरकवले, दोघांचीही नजर तिरकी दोन पायांच्या मधून जाईल असे वळवले, आणि पुन्हा पहिल्यापासून कांडी फिरवली. तीन वाजायला पंचवीस मिनिटं उरली होती.

"वहिनी, अजून चार फेऱ्या. दुखेल."

"टपालाच्या वाटेवर चारशे घरं आहेत," ती म्हणाली आणि उठली.

चारही फेऱ्यांत मणी एकदाही गायब झाला नाही. टाच टेकताच घोटा आत कोसळत होता, आणि त्याच्या मागोमाग गुडघा पिळवटत होता. वर्षभर ती जे सांगत होती, अगदी त्याच क्रमानं.

दोन्ही रेघा छापून मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. "ही पहिली मी ओढलीय," मी म्हटलं, "आणि ही वहिनीच्या पायानं." त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघितले. मला चार शब्द सुनावले, ते मी मान खाली घालून ऐकले. मग त्यांनी फोन उचलून उद्याचं ऑपरेशन रद्द केलं आणि घोट्याला आधार देणारा पट्टा बनवायला सांगितला.

बाहेर बाकावर वहिनी बुटाची नाडी बांधत होती. मी तिच्या शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं, रेघ कुणी ओढली तेसुद्धा. तिनं नाडीची गाठ ओढून घट्ट केली.

"म्हणजे मी सांगत होते ते पुरेसं नव्हतं," ती म्हणाली. "दोन कॅमेऱ्यांनी सांगावं लागलं."