मोंजियाचा उंबरठा

ट्युनिशियातल्या नाबल गावच्या मोंजियाने नवरा गेल्यावर ब्लॉग लिहायला घेतला, त्याला सात वर्षं झाली. आई लाल मिरच्यांची हरिसा चटणी कशी वाटायची, कडू संत्र्याच्या फुलांचा अर्क कसा काढायची, असं आठवेल ते ती लिहायची. आईच्याच तांब्याच्या भांड्यात ती अजून अर्क काढत होती. पण त्याची कल्हई उडत चालली होती. हा हंगाम कसाबसा निघाला असता, पुढचा नाही. आणि कल्हईपुरते पैसे तिच्यापाशी नव्हते. म्हणून भाची हैफाच्या सांगण्यावरून तिने ब्लॉगवर लिहिलं, "सकाळभर या, अर्क काढायला शिका. तीस दिनार."

ट्युनिसहून दोघी आल्या. त्यांनी फुलं निवडली, जाळ सांभाळला, कुसकुस जेवल्या. निघताना एकीने पाकीट काढलं, तशी मोंजियाने तिचा हातच धरला. "माझ्याकडे जेवलात, आता पैसे कसले?"

त्या गेल्यावर हैफाने कपाळावर हात मारला. "मावशी, कल्हई काय माझ्या बांगड्या विकून करायची?"

"अगं, पाहुणीकडून कोण घेतं?"

"मग आधी घे!"

"दारात उभं करून? शोभतं का?"

दुसऱ्या दिवशी ब्लॉग वाचून हैफा हसत सुटली. मावशीने लिहिलं होतं, "पैसे कोपऱ्यावर हैफाच्या शिवणाच्या दुकानात द्यावेत. माझा उंबरठा ओलांडलात की तुम्ही पाहुण्या."

रविवारी हैफाच्या दुकानावरून पाच जणी आल्या. मोंजियाने कुणालाही काही विचारलं नाही. तिने मोठं पातेलं चढवलं, आणि कल्हईवाल्याला निरोप धाडला.