रेडिओची तहान

तान्ही महामाया झोपली की समताचं दुकान उघडायचं आणि महामाया उठली की बंद व्हायचं. वरवट बकाल गावात इतकी बेभरवशाची वेळ दुसऱ्या कुठल्याच दुकानाची नव्हती. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. एका बाजूला साडीचा झोका, दुसऱ्या बाजूला टेबल, फळीवर लाकडी खोक्यांचे रेडिओ आणि शटरवाले दोन जुने टीव्ही. झोक्याची दोरी समता पायाच्या अंगठ्यात अडकवायची. वर हात सोल्डर करत राहायचे, खाली पाय लेकराला झुलवायचा. तिचा नवरा प्रेमानंद म्हणायचा, "तू रेडिओ दुरुस्त करून राह्यली का शिलाई मशीन चालवून राह्यली, दुरून समजत नाही."

हे काम तिला वडिलांनी शिकवलं होतं. नागसेनचं रेडिओचं दुकान कधीच बंद पडलं, पण लेकीच्या हातात ते तसंच्या तसं उतरलं. विहारातला अ‍ॅम्प्लिफायर तिनंच बोलता केला होता. जुना रेडिओ समोर आला की तिला भीती वाटत नसे. उलट आत काय काय असेल या विचारानं बोटं शिवशिवायची.

सोनाळ्याचा दीपक आपल्या आईचा रेडिओ घेऊन आला, तेव्हा तो वाकळीत गुंडाळलेला होता. चार वॉल्व्हचा, हस्तिदंती बटणांचा, पुढं सोनेरी कापड.

"ताई, खरं सांगू का," दीपक म्हणाला, "हा काही आता बोलत नाही. बुलढाण्यात माह्या दोस्ताचं हॉटेल उघडून राह्यलं. त्याले शोभेले पाह्यजे. आतलं सारं काढून फेकते न मोबाइलचा स्पीकर बसवते. पण आई आडवी आली. म्हणे, माणसाचं काळीज काढून खोकं कोणी सजवते का? मंग आमचं ठरलं. बोलला तं आईचा, नाही बोलला तं शुक्रवारी दोस्त घेऊन जाईन."

समतानं मागचा पुठ्ठा काढला. धूळ होती, कोळिष्टकं होती, पण उंदरानं काही कुरतडलं नव्हतं.

"बोलते," ती म्हणाली.

"पाहून तं घ्या आधी."

"पाह्यलं न."

लेकराच्या झोपांतून वेळ चोरत तिनं काम उरकलं. सुकलेले कंडेन्सर बदलले, तुटलेला डायलचा दोरा नवा ओवला, मळ चढलेली बटणं पुसून घेतली. मग वडिलांची रीत. जुना रेडिओ एकदम विजेवर लावायचा नाही. आधी मध्ये साधा पिवळा बल्ब जोडायचा, म्हणजे वीज बल्बातून गाळून आत जाते. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर आत बिघाड आहे. पेटून हळूहळू मंद झाला तर समजायचं, रेडिओ जागा होऊन राह्यला. नागसेन म्हणायचा, "लेकराले आन् रेडिओले हलवून उठवू नये. त्याइले आपल्या आपण डोळे उघडू द्या."

बल्ब पेटला, आणि मंद झाला. वॉल्व्हमध्ये तांबूस धागे उजळले. सोनेरी कापडामागून कोणीतरी कांद्याचे भाव सांगू लागलं. झोक्यात महामायेनं मान वळवली आणि पुन्हा झोपली.

गुरुवारी दुपार कलल्यावर दीपक गाडी घेऊन आला. रेडिओ मागच्या सीटवर, महामाया समताच्या मांडीवर. रस्ताभर दीपक जुन्या गोष्टी सांगत होता.

"आमचे बाबा संध्याकाळी बातम्या ऐकाले बसले, की आई भिंतीच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओते. म्हणे, रेडिओले तहान लागते. साऱ्या गावात हासणं. माहे मास्तर मले विचारत, काय रे, तुमचा रेडिओ चहा पेते का नाही?"

समता हसली. महामाया तिच्या गळ्यातली माळ तोंडात घालत होती, ती सोडवता सोडवता सोनाळा आलं.

झुंबरबाई ओट्यावरच बसल्या होत्या. वय ऐंशीच्या घरात, पण नजर तल्लख. त्यांनी आधी लेकराला जवळ घेतलं, मग रेडिओवरून हात फिरवला.

"धुतला काय व याले? पोरी, हात चांगला हाय तुहा."

समतानं एरियलची तार कडुनिंबावर टाकली, रेडिओ ठेवला, लावला. वॉल्व्ह तापले. आणि खोलीभर घरघर पसरली, गिरणीत बसल्यासारखी.

"बोलला," दीपक म्हणाला, "पण कोन्या भाषेत?"

"थांबा भाऊ. टीव्ही बंद करा. बल्ब बंद करा, ते एलईडी लई कुरकुर करतात. चार्जर काढा."

दीपकची बायको करिष्मा उठली. "म्हणजे रेडिओ चालू कराचा तं सारं घर बंद कराचं," ती म्हणाली, पण एकेक बटण दाबत गेली. घर सावळं झालं. घरघर थोडी उतरली. तिच्या तळाशी एक माणूस बोलत होता, विहिरीच्या बुडातून बोलावं तसा. एकही शब्द लागत नव्हता.

दीपकनं खिशातला मोबाइल काढला, पण लावला नाही. झुंबरबाईंनी महामायेला छातीशी जरा घट्ट धरलं.

समतानं रेडिओ फिरवला. तिला रेडिओवर शंका नव्हती. घरी जो बोलला तो इथं मुका होत नाही, म्हणजे कमी रेडिओत नाही, इथं आहे. घरी काय होतं जे इथं नाही? मागं दोन भोकं होती. एकात एरियल. दुसरं रिकामं. आणि तिला स्वतःचंच हसू आलं. घरी तिच्या टेबलामागून अर्थिंगची एक तार कायमची बोअरच्या पाइपाला जोडलेली होती. रेडिओ आला की ती लावायची, न बघता, दाराला कडी लावावी तशी. सवयीची गोष्ट म्हणून बरोबर आणायची राहिली होती. रेडिओला जमीन लागते, आणि जमीन ओली लागते.

"आजी," ती म्हणाली, "तुम्ही पाणी कुठं ओतत होत्या?"

दीपक हसायला गेला आणि थांबला.

झुंबरबाईंनी आधी लेकाकडं पाहिलं, मग सुनेकडं. "जाऊ दे व. लोक हासत."

"हासू द्या. जागा दाखवा."

म्हातारी महामायेला कडेवर घेऊनच उठली. बाहेर, खिडकीखाली, नव्या फरशीच्या कडेला एक कुंडी होती. "बुढ्यानं इथं सळई ठोकली होती. म्हणे, झुंबर, इले कोरडी पडू देऊ नको. मंग तो गेला, फरशी आली. पाणी सांडू देत नव्हते, डाग पडतात म्हणे. म्याही सोडलं."

दीपकनं कुंडी सरकवली. तडकलेल्या मातीत गंजलेल्या सळईचं टोक होतं, बोटभर. समतानं ते पॉलिश पेपरनं घासून लख्ख केलं, दीपकच्या गाडीत सापडलेली तार त्याला आवळली आणि खिडकीतून आत, त्या रिकाम्या भोकात खोचली. घरघर अर्ध्यावर आली. माणूस विहिरीतून वर चढू लागला.

"आता पाजा," ती म्हणाली.

करिष्माच तांब्या भरून घेऊन आली. झुंबरबाईंनी लेकरू समताकडं दिलं, वाकून पाणी ओतलं, घाईनं नाही, सळईभोवती गोल फिरवत, रोपाला घालावं तसं. माती सुरसुर पाणी प्यायली. आतली कुरकुर विरत गेली आणि त्या सावळ्या खोलीतून एका बाईचा स्वच्छ आवाज अंगणात आला. बातम्या संपून भजन लागणार होतं. महामायेनं तोंडातलं बोट काढलं आणि खिडकीकडं पाहत राहिली.

मग दीपकनं मोबाइल लावला.

"हॅलो. नाही बे, येऊ नको उद्या. नाही होत ते." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "अरे, बोलते तो. काय सांगू तुले, बोलते."

झुंबरबाई खिडकीखालीच बसल्या, फरशीवर पाणी पसरलेलं होतं तरी. भजन सुरू झालं तशी त्यांनी रिकामा तांब्या लेकापुढं धरला.

"माह्यानं आता वाकणं होत नाही," त्या म्हणाल्या. "उद्यापासून तू."